जिन्याखालचा बोर्ड : भाड्याच्या घराचे विद्युत पॅनल बदलताना

२१ एप्रिल २०२४, रविवार. संध्याकाळी सात वाजता खालच्या मजल्यावरच्या काकांचा फोन आला. "ताई, जिन्याखाली जळका वास येतोय. मीटरपाशी हात लावायची भीती वाटते." मी नाशिकमध्ये गंगापूर रोडला राहते आणि भाड्याने दिलेले घर इंदिरानगरमध्ये आहे. स्कूटरवरून तिथे पोहोचेपर्यंत काकांनी मेन स्विच पाडला होता आणि चारही बिऱ्हाडांतली माणसे अंगणात हवा घेत उभी होती.

वडिलांनी हे घर १९८८ साली बांधले. खाली दोन आणि वर दोन अशी चार बिऱ्हाडे आहेत. जिन्याखाली एका लाकडी फळीवर चार बिऱ्हाडांचे चार आणि पाण्याच्या मोटरचा एक असे पाच मीटर, त्यांच्याखाली लोखंडी पेटीतले मेन स्विच आणि चिनी मातीचे पांढरे किटकॅट फ्यूज, अशी ती मांडणी होती. वडील गेल्यावर, म्हणजे २०१६ पासून, घराची व्यवस्था माझ्याकडे आली. या आठ वर्षांत मी रंग दिला, गच्चीचे वॉटरप्रूफिंग केले, दोन संडास नव्याने बांधले. जिन्याखालच्या फळीकडे मात्र महिन्याचे आकडे टिपून घेण्यापलीकडे कधी पाहिले नाही. या काळात दोन बिऱ्हाडे रिकामी होऊन महिना-महिना पडून होती. ते काम करण्याची खरी वेळ तीच होती, हे मला या सगळ्या उठाठेवीनंतर समजले.

त्या रात्री गल्लीतल्या वायरमनने टॉर्चच्या उजेडात वरच्या उजव्या बिऱ्हाडाचा किटकॅट ओढून काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला. पांढऱ्या चिनी मातीवर एका बाजूला चहाच्या डागासारखा तपकिरी पट्टा उमटला होता आणि पितळी जीभ काळीनिळी पडली होती. फ्यूजची बारीक तार जिथे असायला हवी, तिथे इस्त्रीच्या वायरीतून काढलेल्या तांब्याच्या तारांचा चांगला जाड पीळ घातलेला होता. असा फ्यूज कधीच उडत नाही. त्याच्याऐवजी मागची वायर तापत राहते. हा पीळ कोणी घातला, हे मी विचारले नाही. पण वर राहणाऱ्या तीन विद्यार्थ्यांपैकी एकजण जमिनीकडे पाहत म्हणाला, "काकू, एसी लावला की रोज फ्यूज जायचा. तुम्हाला सांगितलं असतं तर एसी काढायला लावला असता ना." मला त्याचा राग आला नाही. भाडे वाढेल किंवा घर सोडावे लागेल या धास्तीने भाडेकरू अशा गोष्टी परस्पर मिटवतात, आणि तक्रार नाही म्हणजे सगळे ठीक आहे, अशी आपण घरमालक स्वतःची समजूत घालून घेतो.

वायरमनचे म्हणणे होते की ३५० रुपयांत नवा किटकॅट बसवतो, अजून पाच वर्षे काही होत नाही. त्या क्षणी मला ते पटलेही होते, कारण रात्रीचे साडेनऊ वाजले होते आणि उकाडा असह्य होता. काका मात्र म्हणाले, "ताई, आजची रात्र आम्ही काढतो. आधी नीट कोणाला तरी दाखवा." वरच्या उजव्या बिऱ्हाडाचा पुरवठा बंद ठेवून बाकीचे तीन सुरू केले आणि ती तीन मुले चार रात्री गच्चीवर झोपली.

सातपूरच्या कारखान्यात काम करणाऱ्या एका परिचिताच्या ओळखीने शासनाचा परवाना असलेला विद्युत ठेकेदार मिळाला. तो २६ एप्रिलला आला आणि त्याने अडीच तास तपासणी केली. त्याचे १,५०० रुपये झाले. या सगळ्या प्रकरणातला सर्वांत सार्थकी लागलेला खर्च हाच. परवानाधारक ठेकेदाराचा आग्रह यासाठीही धरावा की पुढे वीज कंपनीकडे वाढीव भारासाठी, म्हणजे मंजूर विजेची मर्यादा वाढवण्यासाठी, अर्ज करताना त्याच्या सहीचा टेस्ट रिपोर्ट लागतो. गल्लीतला वायरमन कितीही हुशार असला तरी तो कागद देऊ शकत नाही.

त्याने प्रथम माझ्याकडून एक हिशेब करून घेतला. १९८८ मध्ये एका बिऱ्हाडात साठ वॅटचे चार बल्ब, तीन पंखे आणि एक इस्त्री धरली, तर सगळे एकदम चालू केले तरी सुमारे १,२०० वॅट होतात, म्हणजे २३० व्होल्टवर जेमतेम ५ अँपिअर. आज त्याच घरात २,००० वॅटचा गीझर आणि २,००० वॅटची इंडक्शन शेगडी सकाळी एकाच वेळी चालतात, तेव्हा सतरा अँपिअरच्या वर प्रवाह जातो. एसी यात धरलेलाच नाही. वायरीत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून प्रवाह साडेतीन पट झाला की उष्णता बारा पट होते. घर तेच, भिंती त्याच, वायर तीच आणि उष्णता बारा पट, हे ऐकल्यावर "अजून पाच वर्षे" या शब्दांतला फोलपणा लक्षात आला.

मग त्याने मला एक प्रयोग दाखवला, तो मी विसरणार नाही. आमच्या जुन्या मेन स्विचमध्ये फेजवर (वीज आणणारी तार) एक आणि न्यूट्रलवर (वीज परत नेणारी तार) एक असे दोन किटकॅट होते. त्याने फक्त न्यूट्रलचा काढला. दिवा विझला. मला वाटले, वीज गेली. त्याने प्लगमध्ये टेस्टर घातला तर तो पेटला. न्यूट्रलवर फ्यूज ठेवू नये हा नियम जुना आहे आणि त्याचे कारण हेच आहे, की न्यूट्रलचा फ्यूज उडाला तर उपकरण बंद दिसते, पण त्यातली वीज जिवंत असते. आमच्या घरात छत्तीस वर्षे लोक अशा "बंद" झालेल्या पंख्यांना हात लावत आले होते.

बाकीच्या नोंदी थोडक्यात सांगते. वायरिंग लाकडी पट्टीवर क्लिपा मारून केलेले, १.५ चौरस मिलिमीटरच्या एकतारी ॲल्युमिनियमचे. ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर बसतो, शिवाय स्क्रूच्या दाबाखाली तो धातू हळूहळू दबत जातो, त्यामुळे जोड सैल होतो, सैल जोड तापतो आणि तापल्यामुळे आणखी सैल होतो. मेगर या मोजयंत्राने ५०० व्होल्ट देऊन वायरींचे इन्सुलेशन तपासले, तेव्हा किमान १ मेगाओहम यायला हवे असताना वरच्या उजव्या बिऱ्हाडात ०.३ आले. अर्थिंगची तार मागच्या अंगणात फरशा बसवताना कधीतरी तुटली होती आणि तिचे टोक सिमेंटमध्ये गाडलेले निघाले. ती फरशी २०१९ मध्ये मीच बसवून घेतली होती.

पॅनल केव्हा बदलावे, हा प्रश्न मी त्याला सरळ विचारला. त्याने वर्षांचा आकडा सांगितला नाही. चिनी मातीचे किटकॅट अजून असतील, बोर्डाचा कुठलाही भाग हाताला कोमट लागत असेल, दिवे अधूनमधून मंद होत असतील, आरसीसीबी (शॉकपासून वाचवणारा स्विच) नसेल किंवा घरात एसी वा गीझर नव्याने आला असेल, तर तपासणी पुढच्या भाडेकरूपर्यंतही लांबवू नये, एवढेच तो म्हणाला. जळका वास या यादीत येत नाही. वास येतो तेव्हा उशीर झालेलाच असतो. यात मी माझ्याकडून एक भर घालीन. भाडेकरू बदलताना आपण नळ, कड्या, काचा तपासतो, त्याच फेरीत बोर्डाचे झाकण उघडून पाहावे. शंभर टक्के नाही, पण निम्मा अंदाज आपल्यालाही येतो.

यानंतर तीन ठिकाणांहून दरपत्रके घेतली. ४८,००० रुपये, १,०१,००० रुपये आणि १,३६,००० रुपये. एवढी तफावत पाहून मी गोंधळले. पहिल्या दरपत्रकात फक्त "४ नग डीबी व फिटिंग" असे लिहिलेले होते (डीबी म्हणजे घरातली वीजवाटपाची पेटी); जुन्या वायरी तशाच ठेवून तोंडावर नवे पॅनल बसवायचे, असा त्याचा अर्थ होता. तिसऱ्यात भिंती फोडून आतून पाइप टाकण्याचे काम धरलेले होते. मधल्या ठेकेदाराने, म्हणजे तपासणी करणाऱ्यानेच, प्रत्येक सर्किटला कोणत्या जाडीची वायर आणि किती अँपिअरचा एमसीबी (प्रवाह मर्यादेबाहेर गेला की आपोआप पडणारा स्विच), हे ओळीओळीने लिहून दिले होते आणि भिंती न फोडता भिंतीवर बसवायच्या केसिंग-पट्टीतून तांब्याच्या वायरी नेण्याचे सुचवले होते. लोक घरात राहत असताना हेच शक्य होते. दरपत्रक घेताना वायरीची जाडी चौरस मिलिमीटरमध्ये आणि आयएसआय चिन्हाचा उल्लेख लेखी मागावा. त्याशिवाय दोन दरपत्रकांची तुलनाच होत नाही.

खर्च कोणाचा, यावर घरात थोडा वाद झाला. पुण्यातल्या भावाचे म्हणणे होते की एसी मुलांनी लावला, फ्यूजमध्ये पीळ त्यांनी घातला, तर त्यांच्या डिपॉझिटमधून कापावे. माझ्या करारात "किरकोळ दुरुस्ती भाडेकरूने करावी" असे वाक्य आहे खरे, पण संपूर्ण वायरिंगला किरकोळ म्हणणे कोणालाही शोभणार नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १४ प्रमाणे, उलट करार नसेल तर जागा राहण्याजोगी आणि दुरुस्त ठेवणे हे घरमालकाचे कर्तव्य आहे. किमान पंधरा दिवसांची नोटीस देऊनही त्याने वाजवी वेळेत दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, मात्र वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. माझे करार लिव्ह अँड लायसन्सचे, म्हणजे कायद्याच्या भाषेत भाडेकरार नव्हे तर वापराच्या परवानगीचे आहेत, तरीही कर्तव्याची दिशा यातून स्पष्ट होते. खर्च मी केला. आयकरात याची वेगळी वजावट मिळेल या भ्रमातही राहू नये. घरभाड्याच्या उत्पन्नावर ३० टक्के प्रमाणित वजावट सरसकट मिळते, प्रत्यक्ष दुरुस्ती तिच्यातच आली.

कागदपत्रांचे प्रकरण मला सर्वांत अवघड वाटले होते. पाचही मीटर अजून वडिलांच्या नावावर होते, त्यामुळे वाढीव भाराच्या आधी नावबदल करून घेणे ओघानेच आले. मृत्यूचा दाखला, भावाचे नोटरी केलेले संमतीपत्र, घरपट्टीची चालू पावती आणि पाचही मीटरची भरलेली बिले घेऊन मी २९ एप्रिलला अर्ज केला. एका मीटरची १४० रुपयांची जुनी थकबाकी निघाली, ती भरल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नव्हता; म्हणून आधी सर्व बिले निरंक करून मगच जावे. मग १ मेची सुट्टी आली, २० मे रोजी नाशिकचे लोकसभेचे मतदान झाले, आणि माझे नाव जूनच्या बिलावर आले. आठ वर्षांपूर्वी अर्धा दिवस काढला असता तर हे काम तेव्हाच झाले असते.

प्रत्यक्ष काम २७ मे रोजी सुरू झाले. त्याआधी ठेकेदाराला सवड नव्हती. एप्रिल-मेमध्ये शहरातले सगळे चांगले वायरमन एसी बसवण्यात आणि लग्नांच्या मांडवात अडकलेले असतात, त्यामुळे शक्य असेल तर हे काम दिवाळीनंतर ठेवावे. रोज एक बिऱ्हाड, सकाळी नऊ ते सहा वीज बंद, असे ठरले. मी चारही दारांवर तारखा लिहून चिकटवल्या आणि फ्रीज रिकामे करण्याची विनंती केली. खालच्या डाव्या बिऱ्हाडातली नर्सताई रात्रपाळी करून दिवसा झोपते, तिच्या सुट्टीचा दिवस आधी विचारून घेतला. हे काम विजेचे कमी आणि माणसे सांभाळण्याचे जास्त आहे.

दिव्यांना १.५, प्लगांना २.५ आणि एसी-गीझरला ४ चौरस मिलिमीटरची वायर घातली. प्रत्येक घरात आठ खान्यांची पत्र्याची डीबी बसली, तिच्यात दोन पोलचा मेन, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आणि सर्किटनिहाय एमसीबी. विद्यार्थ्यांपैकी एकाने "काका, एमसीबी जरा मोठाच टाका, म्हणजे पडणार नाही" असे सुचवले. ठेकेदाराने त्याला समजावले की एमसीबी उपकरणाला नव्हे तर वायरीला जपण्यासाठी असतो. बारीक वायरीवर मोठा एमसीबी घालणे म्हणजे त्या तांब्याच्या पिळाचेच नवे रूप. आरसीसीबीचे काम वेगळे. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून पूर्ण परत येतो की नाही, हे तो पाहतो, आणि माणसाच्या अंगातून थोडा जरी निसटला तरी क्षणात वीज तोडतो. घरगुती जोडणीसाठी ३० मिलिअँपिअरची मर्यादा केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा विनियमांतच दिलेली आहे.

३१ मे रोजी संध्याकाळी जिन्यातला दिवा लावला आणि वरच्या उजव्या व खालच्या उजव्या अशा दोन्ही बिऱ्हाडांचे आरसीसीबी एकदम पडले. पुन्हा चढवले, पुन्हा पडले. ठेकेदार गावाला गेला होता. त्याच्या हाताखालच्या माणसाने काहीतरी केले आणि "झालं ताई, आता नाही पडणार" असे सांगून तो गेला. खरोखरच नंतर पडले नाहीत. दुसऱ्या दिवशी मी सहज म्हणून आरसीसीबीवरचे टेस्टचे बटण दाबले. खटका खाली पडला, पण डोक्यावरचा पंखा फिरतच राहिला. काही क्षण मला अर्थबोध झाला नाही. मग लक्षात आले की त्याने आरसीसीबी बाजूला ठेवून वीज थेट पुढे नेली होती. साडेतीन महिन्यांनी कोणाला शॉक बसला असता, तर डीबीत तो डौलाने बसलेला दिसला असता आणि त्याचा उपयोग शून्य झाला असता. काम संपल्यावर पैसे देण्यापूर्वी प्रत्येक घरातले टेस्ट बटण स्वतः दाबावे आणि नुसता खटका पडला यावर समाधान न मानता घरातली वीज गेली की नाही, हे पाहावे.

३ जूनला ठेकेदार परत आला. तो आपल्या माणसावर जे बोलला ते इथे लिहीत नाही. दोष जिन्याच्या दिव्यात होता: त्याची फेज वरच्या बिऱ्हाडातून आणि न्यूट्रल खालच्यातून घेतलेली होती, त्यामुळे एका आरसीसीबीला गेलेला प्रवाह परत येताना दिसत नव्हता आणि दुसऱ्याला न पाठवलेला प्रवाह परत येताना दिसत होता. दोघेही आपापले काम चोख करत होते. जिन्याचे दिवे मोटरच्या मीटरवर घेतले आणि प्रश्न संपला. जुन्या घरांत अशा उसन्या न्यूट्रल सर्रास असतात, म्हणून आरसीसीबी बसल्यावर तो वारंवार पडू लागला तर त्याला काढून टाकण्याचा सल्ला ऐकू नये.

अर्थिंगने अंदाज चुकवला. अंगणात चार फुटांवर काळा कातळ लागला. नाशिकच्या बेसॉल्टवर घर बांधलेल्यांना हे नवे नाही. एका खड्ड्यात रीडिंग १९ ओहम येत होते, आणि अर्थिंगसाठी ते जितके कमी तितके चांगले. घराच्या दुसऱ्या बाजूला, जिथे मोरीचे पाणी मुरते तिथे, दुसरा खड्डा घेऊन दोन्ही जोडले, तेव्हा ते ४.२ वर आले. यासाठी ५,५०० रुपये जादा गेले.

वाढीव भाराची पाहणी ५ जूनला झाली आणि १२ जूनला कर्मचाऱ्यांनी पुरवठा बंद करून मीटर नव्या पत्र्याच्या पॅनलवर हलवून सील केले. मीटरच्या सीलला आणि त्याअलीकडच्या वायरीला खासगी माणसाने हात लावू नये. ठेकेदार कितीही आश्वस्त करो, ते काम वीज कंपनीचेच आहे. थ्री फेज घेण्याचा विचार मी सोडून दिला, कारण त्याचा स्थिर आकार दर महिन्याला जास्त पडतो आणि एका एसीच्या घराला त्याची गरज नव्हती. ठेकेदाराचे १,०६,५००, तपासणीचे १,५००, रंगाच्या डागडुजीचे ७,५०० आणि वीज कंपनीचे शुल्क व सुरक्षा ठेव ६,२४० असे एकूण १,२१,७४० रुपये झाले. हे चार बिऱ्हाडांच्या साधारण साडेतीन महिन्यांच्या भाड्याएवढे आहेत. अर्ध्यासाठी मला मुदत ठेव मोडावी लागली.

एक बिऱ्हाड मात्र राहून गेले. वरच्या डाव्या घरात दीड महिन्याचे बाळ होते आणि ड्रिलचा आवाज व धूळ नको, असे त्या आईने हात जोडून सांगितले. तिथे नवी डीबी आणि आरसीसीबी बसवले, पण वायर जुनीच राहिल्यामुळे दिव्यांना ६ आणि प्लगांना १० अँपिअरचेच एमसीबी घातले, आणि एसी, गीझर किंवा इंडक्शन लावणार नाही, असे त्यांच्याकडून लिहून घेतले. नोव्हेंबरात ते बदली होऊन जळगावला गेले. बिऱ्हाड रिकामे झाल्याच्या तिसऱ्या दिवशी तिथले वायरिंग काढायला घेतले. स्वयंपाकघरातल्या स्विचबोर्डाच्या मागची लाकडी पट्टी हाताच्या पंजाएवढी काळी पडलेली निघाली. त्या कामाचे १८,६०० रुपये झाले. नवीन भाडेकरूशी करार करताना आता घराचा मंजूर भार आणि प्रत्येक सर्किटची मर्यादा लिहिलेला एक कागद मी सोबत जोडते, आणि एसी आणण्यापूर्वी फोन करा, असे तोंडीही सांगते. परवा वरच्या मुलांचा फोन आला होता. त्यांना एअर फ्रायर घ्यायचा आहे आणि तो कोणत्या प्लगवर लावू, असे ते विचारत होते.